इंजिन मध्येच बंद पडलं तर?

शिकाऊ विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे, गाव देवगड तालुक्यात. मे महिन्यात घरी आले की बारावी झालेल्या मुलांचे आईवडील हमखास येतात, आणि फीच्याही आधी विचारतात: एकच इंजिन, त्यात विमान चाळीस वर्षांचं, मध्येच बंद पडलं तर? माझी काकी तर थेट म्हणते, "गो बाय, वर गेल्यार बंद पडला तर काय करतलंस?"

आधी वयाचं बोलते. सेसना १५२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९७७ ते १९८५ एवढ्याच काळात बनलं. म्हणजे त्यातलं सगळ्यांत नवंही आज चाळिशीचं. पण चाळीस वर्षांचा असतो तो सांगाडा. या विमानांच्या लायकमिंग इंजिनांना कंपनीनंच साधारण २००० ते २४०० तासांची मर्यादा घालून दिली आहे. तास भरले नाहीत तरी १२ वर्षांनी इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधायचं. होडी कुठल्या सालची यापेक्षा तिचं इंजिन कधी उघडलं होतं, हेच मालवणच्या बंदरावर कुणीही आधी विचारील.

मला खरी धास्ती वाटते ती नुसत्या उभ्या राहिलेल्या विमानाची. रोज उडणाऱ्या इंजिनात तेल तापतं आणि त्यातला ओलावा निघून जातो. तेच इंजिन आठवडेच्या आठवडे बंद राहिलं की आतल्या भागांवरचं तेल ओघळतं आणि कॅमशाफ्टला, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याला, गंज धरतो. आपल्या किनाऱ्यावर तर खारी, दमट हवा बाहेरूनही खाते. रिव्हेटच्या भोवती रंगाला बारीक फुगा आलेला दिसला, तर खाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी झालेली असते. मुलांना मी विमानाभोवती फिरताना हात लावून बघायला लावते, नुसतं बघून हे दरवेळी कळत नाही.

सकाळी पहिलं काम इंधनाचं. टाकी अर्धी रिकामी ठेवून रात्र गेली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी होते आणि तळाशी बसते. म्हणून टाकीच्या तळाचं थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढायचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. पण पेला सगळाच पाण्यानं भरला असेल तर थर दिसतच नाही, सगळं स्वच्छ वाटतं! म्हणून पेला पांढऱ्या पंखासमोर धरायचा आणि निळा रंग आहे ना, हे बघायचं.

मग धावपट्टीवर जाण्याआधी मॅग चेक. ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन, प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन, आणि बॅटरी गेली तरी ठिणगी चालू राहते. १५२ मध्ये १७०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. १२५ पेक्षा जास्त आरपीएम पडले तर विमान परत. अजिबात पडले नाहीत तरीही परत, कारण मग तो मॅग्नेटो बंदच होत नसण्याची शक्यता असते.

आता कोकणातल्या माणसाला खरं वाटणार नाही असं एक सांगते. इंजिनात बर्फ होतो. बाहेर २५ अंश, अंगाला घाम, आणि हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या नळीत बर्फ! तिथे पेट्रोलची वाफ होताना हवा वीस-तीस अंशांनी सहज थंड होते, आणि हवा दमट असेल तर पाणी तिथेच गोठतं. आरपीएम हळूहळू उतरायला लागतात, इतके हळू की नवख्याला वाटतं आपलाच हात हलला असेल. उपाय एक दांडा ओढायचा, कार्ब हीट, म्हणजे तिथे गरम हवा जाते. पण तो ओढल्यावर बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं आणि इंजिन आधीपेक्षा जास्त खडखडतं. पोरं घाबरून दांडा परत आत ढकलतात. तिथेच धीर धरून दांडा ओढलेलाच ठेवायचा असतो. थोड्याच वेळात इंजिन सरळ होतं. हे मी तोंडी सांगून भागत नाही, म्हणून शेजारी बसून त्यांचा हात दांड्यावर तसाच ठेवायला लावते.

आणि एवढं करूनही बंद पडलंच, तर? विमान खाली कोसळत नाही. ३००० फुटांवरून वारा नसताना ते साधारण आठ किलोमीटर तरंगत जातं. म्हणून किनाऱ्यावरून जाताना मी सतत विचारत राहते, "आत्ता बंद पडलं तर कुठे?" बहुतेक मुलं सड्याकडे, म्हणजे कातळाच्या पठाराकडे, बोट दाखवतात. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळही सड्यावरच आहे, तेव्हा चूक म्हणता येत नाही. पण वरून सपाट दिसणाऱ्या सड्यावर गडगे म्हणजे दगडी बांध असतात, चिरे काढलेल्या खाणी असतात, कलमांच्या बागा असतात. ओहोटी असेल तर पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू कितीतरी बरी. भरती-ओहोटीची वेळ ठाऊक असलेलं किनाऱ्यावरचं पोर इथे पुढे असतं, आणि याचा मला फार आनंद होतो.

तेव्हा फ्लाइंग स्कूल बघायला जाल तेव्हा विमान कुठल्या सालचं हे विचारू नका. इंजिन कधी उघडलं होतं, गेल्या महिन्यात ते किती तास उडालं, आणि विद्यार्थ्यानं बारीकशी तक्रार लिहिली तर उड्डाण थांबतं की "चालतंय रे" म्हणून पुढे जातं, हे विचारा. लॉगबुक, म्हणजे विमानाच्या तासांची आणि दुरुस्तीची नोंदवही, दाखवायला आढेवेढे घेतले, तर त्या ठिकाणी मुलाचं नाव घालू नका.