तुम्ही विचारलेत म्हणून : त्या दोन ओळी खाली का?

रसायनशास्त्र शिकवीत असताना आणि आता निवृत्तीनंतरही मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. आवर्तसारणीच्या तक्त्यात सगळी मूलद्रव्ये आपापल्या घरात बसलेली असताना तळाशी त्या दोन ओळी वेगळ्या का काढलेल्या असतात? दहावीची मुले हे विचारतात, मुलांचा अभ्यास घेताना पुन्हा एकदा तक्ता उघडणारे पालकही विचारतात. प्रश्नामागे बहुधा अशी समजूत असते की ही मूलद्रव्ये कुठेच बसेनात, म्हणून ती पुरवणीसारखी खाली जोडून दिली. ही समजूत पुसली जावी असे मला मनापासून वाटते, कारण त्या दोन ओळी मुळात सारणीच्या आतल्या आहेत आणि त्या आत आहेत असे मानल्याशिवाय वरच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होत नाही.

छोटे उत्तर कागदाच्या रुंदीत आहे. सहाव्या आवर्तात, म्हणजे सहाव्या आडव्या ओळीत, ५६ अणुअंकाचे (केंद्रकात ५६ प्रोटॉन असलेले) बेरियम येते आणि त्यापुढे एक घर सोडले की थेट ७२ अणुअंकाचे हाफ्नियम. मधल्या घरात फक्त ‘५७–७१’ असे लिहिलेले असते. सातव्या आवर्तात रेडियमनंतर तसेच ‘८९–१०३’. वर्गात मी मुलांना एक छापील तक्ता कात्रीने कापायला लावीत असे, खालची पट्टी मधल्या फटीत चिकटवायला सांगत असे, आणि तयार झालेला लांबलचक तक्ता फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरून उभी राहिलेली दोन मुले पाहिली की बाकीच्यांच्या प्रश्नाचा निम्मा भाग तिथेच सुटत असे. अठरा स्तंभांचे बत्तीस होतात. असा तक्ता पुस्तकाच्या पानावर छापला तर अक्षरे वाचता येणार नाहीत, म्हणून पट्टी कापून खाली ठेवायची, एवढेच.

पण उरलेला निम्मा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पट्टी नेमकी तिथेच का कापली जाते, आणि पंधरा मूलद्रव्ये एका घराच्या नावावर लिहिण्याची वेळ कशी आली?

मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये आपली सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. त्यांनी सोडलेल्या रिकाम्या जागांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. एका-ॲल्युमिनिअम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन अशी त्यांनी नावे दिली, त्यातला ‘एका’ म्हणजे आपला संस्कृत ‘एक’, आणि १८७५ ते १८८६ या काळात गॅलियम, स्कँडियम, जर्मेनियम सापडून त्या जागा भरल्या. जिथे त्यांची मांडणी अडखळली ती गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. सिरियम, लँथॅनम, डिडिमियम, एर्बियम ही दुर्मिळ मृदा म्हटली जाणारी मूलद्रव्ये त्यांनी पहिल्या सारणीत कडेला ठेवली होती, काहींपुढे प्रश्नचिन्हेही होती. सिरियमचे अणुवस्तुमान त्या वेळी ९२ मानले जाई, कारण त्याची संयुजा दोन आहे असा समज होता. ती तीन असली पाहिजे, म्हणजेच अणुवस्तुमान दीडपट, सुमारे १३८ असले पाहिजे, हे मेंडेलीव्ह यांनी सारणीच्या आधाराने पुढे दुरुस्त केले. आज आपण १४० मानतो. तरीही या मूलद्रव्यांचा गुंता सुटला नाही. वस्तुमान वाढत जाते पण गुणधर्म बदलत नाहीत, हे आवर्ती नियमाला धरून नव्हते. त्यातच डिडिमियम हे मूलद्रव्यच नव्हे असे निघाले. १८८५ साली ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर यांनी त्यातून प्रासिओडिमियम आणि निओडिमियम अशी दोन मूलद्रव्ये वेगळी केली.

प्रागचे रसायनशास्त्रज्ञ बोहुस्लाव ब्राउनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुचवले की मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एका ग्रहाच्या जागी जसा लघुग्रहांचा पट्टा आहे, तशी ही सारी मूलद्रव्ये सारणीतल्या एकाच जागेत राहतात. आपल्या तक्त्यातले ‘५७–७१’ हे घर म्हणजे त्या कल्पनेची आठवण आहे. उपमा सुंदर आहे, पण मला ती पुरेशी वाटत नाही, कारण एकाच घरात किती मूलद्रव्ये मावायची हे ती सांगत नाही.

हे सांगितले इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी १९१३-१४ मध्ये दाखवून दिले की मूलद्रव्याची जागा ठरवणारी संख्या अणुवस्तुमान नसून अणुअंक आहे. दुर्मिळ मृदांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज युर्बे आपले नमुने घेऊन ऑक्सफर्डला त्यांच्याकडे गेले. स्फटिकीकरणाच्या असंख्य फेऱ्या करून जे वेगळे करायला वर्षे लागत, त्यातले घटक मोझली यांनी काही दिवसांत ओळखून दिले. युर्बे यांना जे ७२ वे मूलद्रव्य वाटत होते, त्याचा मागमूसही त्या नमुन्यात मिळाला नाही. १९१५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मोझली गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. शिकवताना हे वाक्य मी कधी घाईने उरकू शकलो नाही.

आता कारणाकडे येऊ. अणूत इलेक्ट्रॉन कवचांमध्ये असतात आणि कवचांमध्ये उपकवचे असतात. एस उपकवचात २, पी मध्ये ६, डी मध्ये १० आणि एफ मध्ये १४ इलेक्ट्रॉन मावतात. त्यांची बेरीज ३२, म्हणजे आपल्या लांब तक्त्याचे बत्तीस स्तंभ. चौथ्या कवचातले एफ उपकवच चौथ्या आवर्तात भरत नाही, पाचव्यातही नाही. सहाव्या कवचात दोन इलेक्ट्रॉन जाऊन बसल्यानंतर, म्हणजे बेरियमनंतर, मागे राहिलेले हे आतले उपकवच भरू लागते. बाहेरचा साज तसाच राहतो आणि भर आत पडत जाते. रासायनिक अभिक्रिया बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर होत असल्यामुळे ही मूलद्रव्ये एकमेकांसारखी वागतात, आणि म्हणूनच ती वेगळी करताना रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

या हिशेबाने ७१ व्या मूलद्रव्यापाशी चौदा जागा भरून संपतात. म्हणजे ७२ वे मूलद्रव्य दुर्मिळ मृदांपैकी असणार नाही, ते झिर्कोनियमचे भावंड असले पाहिजे, असे नील्स बोर यांच्या सिद्धान्तावरून निघत होते. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी या संशोधकांनी झिर्कोनियमचे खनिज तपासले आणि ते तिथेच सापडले. ही बातमी बोर यांनी डिसेंबर १९२२ मध्ये आपल्या नोबेल व्याख्यानात दिली. कोपनहेगनच्या ‘हाफ्निया’ या लॅटिन नावावरून मूलद्रव्याचे नाव हाफ्नियम ठरले. झिर्कोनियम १७८९ पासून माहीत होते. त्याच्या खनिजात सव्वाशेहून अधिक वर्षे दुसरे मूलद्रव्य लपून राहिले, याचे कारणही त्या खालच्या पट्टीतच आहे.

एफ उपकवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट झाकू शकत नाहीत. प्रत्येक पायरीला केंद्रकाचा धनभार एकाने वाढतो आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन थोडे थोडे आत ओढले जातात. लँथॅनमच्या त्रिसंयुजी आयनाची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर असते, ल्युटेशियमची ८६. चौदा पायऱ्यांचे हे आकुंचन संपवून आपण हाफ्नियमवर येतो तेव्हा एक आवर्त खाली उतरूनही अणू मोठा झालेला नसतो. तो जवळपास झिर्कोनियमएवढाच राहतो. म्हणून दोघे एकाच खनिजात राहतात आणि सहजासहजी विलग होत नाहीत. पण केंद्रके वेगळी आहेत. हाफ्नियम न्यूट्रॉन शोषून घेते, झिर्कोनियमच्या शेकडो पटींनी अधिक. तारापूरच्या अणुभट्टीत इंधन ज्या नळ्यांमध्ये भरतात त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, आणि त्यासाठीच्या झिर्कोनियममधून हाफ्नियम काढून टाकावे लागते.

याहून जवळचे उदाहरण सराफाच्या दुकानात आहे. चांदीचा अणू आणि सोन्याचा अणू जवळजवळ एकाच आकाराचे आहेत, आणि दोन्ही धातूंत अणूंची रचनाही एकच असते. चांदीचे अणुवस्तुमान १०८, सोन्याचे १९७. आकार तोच आणि वजन जवळपास दुप्पट, म्हणून चांदीची घनता १०.५ असताना सोन्याची १९.३ भरते. एकाच मापाच्या दोन बांगड्या हातात घेतल्या तर जो फरक जाणवतो, त्यात सोन्याच्या आधी येऊन गेलेल्या त्या चौदा मूलद्रव्यांचा मोठा वाटा आहे. सोन्याच्या बाबतीत सापेक्षतेच्या परिणामाने होणारे आकुंचनही त्यात मिळते, हे सांगायला हवे. तक्त्यात पट्टी खाली ठेवलेली असल्यामुळे चांदीच्या खाली सोने लगेच आल्यासारखे दिसते. लांब तक्त्यात पाहिले की मधला प्रवास डोळ्यांसमोर येतो.

दुसरी ओळ फार उशिरा तिथे आली. १९४० च्या सुमारापर्यंत थोरियम हाफ्नियमखाली आणि युरेनियम टंगस्टनखाली लिहिले जाई. ९५ आणि ९६ ही मूलद्रव्ये शोधताना ती इरिडियम आणि प्लॅटिनमसारखी वागतील असे धरले गेले आणि शोध फसत राहिला. १९४४ मध्ये शिकागोत काम करणाऱ्या ग्लेन सीबोर्ग यांनी असे मानले की ॲक्टिनियमपासून दुसरी एफ श्रेणी सुरू होते, आणि त्या धोरणाने ती दोन्ही सापडली. नावेही वरच्या ओळीकडे पाहूनच ठेवली गेली. युरोपियमखाली अमेरिसियम आले. वैज्ञानिक गॅडोलिन यांचे नाव धारण करणाऱ्या गॅडोलिनियमखाली क्युरी दांपत्याचे क्युरियम आले. स्वीडनमधल्या इटर्बी गावाच्या टर्बियमखाली बर्कले शहराचे बर्केलियम आले.

सीबोर्ग यांच्या मांडणीत थोरियम सिरियमखाली गेले, आणि मला त्याची खूण फार जुनी ओळखीची वाटते. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सिरियम, लँथॅनम, निओडिमियम आणि थोरियम एकत्र सापडतात, दोन्ही ओळी एका कणात. लहानपणी गावच्या वरातीत डोक्यावरून नेलेल्या गॅसबत्तीचा पांढराशुभ्र उजेड ज्या मॅन्टलमधून येई, तेही डिडिमियम फोडणाऱ्या आउअर यांचेच. त्यात सुमारे ९९ टक्के थोरियमचे आणि १ टक्का सिरियमचे ऑक्साइड असे.

पट्टी चिकटवताना मुले एका जागी हमखास थांबत. पट्टीत पंधरा घरे असतात, पण एफ उपकवचाच्या जागा चौदाच. मग यिट्रियमखाली कोणी राहायचे, पहिल्या लँथॅनमने की शेवटच्या ल्युटेशियमने? आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेच्या अभ्यासगटाने २०२१ च्या प्राथमिक अहवालात ल्युटेशियमच्या बाजूने मत दिले आहे, आणि मलाही ते पटते, कारण तसे केले तर अणुअंकांचा क्रम न मोडता चौदा घरांची पट्टी सलग आत बसते. ज्यांच्या पुस्तकात लँथॅनम आहे त्यांच्या तक्त्यावरही मी कधी चूक म्हणून खूण केली नाही. त्यांना मी फक्त पट्टी लँथॅनमनंतर चिकटवायला सांगत असे, आणि मग डी-खंडातील, म्हणजे डी उपकवच भरत जाणाऱ्या दहा स्तंभांतील, पहिला स्तंभ उरलेल्या नऊ स्तंभांपासून तुटून एकटा पलीकडे राहिलेला त्यांना स्वतःलाच दिसत असे.