पडदा काळा, पंखा चालू: नौपाड्यातल्या पीसीची नोंद

यंत्र मामांचं, ठाण्यात नौपाड्यात. २०१६ सालचा मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), एनव्हीएमई एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क, विंडोज १०, साधा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा. मामा त्यावर सोसायटीचा हिशेब ठेवतात. तक्रार अशी: शट डाउन दिलं की पडदा काळा होतो, मॉनिटर झोपतो, पण कॅबिनेटचा पंखा फिरत राहतो आणि पुढचा दिवा जळत राहतो. रिस्टार्ट मात्र पहिल्या फटक्यात होतं. "अरे, पंखा घरघरतोय म्हणून मी रात्री सरळ यूपीएसचं बटण बंद करतो," मामा म्हणाले. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने "एसएमपीएस गेलाय, बदला" असं सांगून ठेवलं होतं.

न तपासता भाग बदलणं मला पटत नाही. बंद होण्याचे तीन टप्पे असतात आणि गाडी कुठल्या टप्प्यावर अडते हे आधी कळायला हवं. आधी प्रोग्रॅम आणि सर्व्हिसेस थांबतात. मग कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि उपकरणं चालवणारे ड्रायव्हर एकेक उपकरण झोपवतात. शेवटी विंडोज बोर्डाला सांगते, आता एस ५ मध्ये, म्हणजे पूर्ण बंद अवस्थेत, जा. बोर्ड एसएमपीएसला दिलेला इशारा मागे घेतो आणि पंखा थांबतो. हा तिसरा टप्पा एसीपीआयचा, म्हणजे विंडोजने बोर्डाची वीज कशी हाताळायची याच्या मानकाचा, १९९६ पासूनचा. त्याआधीच्या एटी कॅबिनेटवर विंडोज ९५ काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत फक्त 'आता बंद करायला हरकत नाही' एवढं सांगायची, खटका आपणच दाबायचा. मामांचं यंत्र दिसायला तसंच थांबत होतं, फक्त अक्षरांशिवाय.

शनिवार संध्याकाळ

पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर, म्हणजे विंडोज लवकर सुरू व्हावी म्हणून असलेल्या सोयीवर. विंडोज ८ पासून नेहमीचं शट डाउन हे पुरतं बंद होणं नसतं. तुमचं सेशन मिटतं, पण कर्नल हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. रिस्टार्टमध्ये हे होत नाही. म्हणून रिस्टार्ट नीट आणि शट डाउन बिघडलेलं दिसलं की आधी इथे बघायचं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे 'अप टाइम' बघा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर रोज रात्री यंत्र नीट बंद केलं तरी तो आकडा शून्यावर येत नाही, दिवसांमागून दिवस चढतच जातो.

शिफ्ट दाबून धरून शट डाउन दिलं, म्हणजे पुरतं बंद. तरी पंखा चालूच. पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ ही कमांड देऊन हायबरनेशनच, म्हणजे चालू स्थिती डिस्कवर साठवण्याची सोयच, काढून टाकलं, फरक शून्य. हा संशय मिटला. फास्ट स्टार्टअप मी बंदच ठेवला आहे, एसएसडीवर त्याने वाचणारे सेकंद मामांना नको आहेत.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची वही, त्यातला सिस्टिम लॉग. क्रमांक ध्यानात ठेवण्यासारखे आहेत: १०७४ म्हणजे बंद करायचा हुकूम कोणी दिला, ६००६ म्हणजे लॉग नीट मिटला, ६००८ म्हणजे अचानक बंद पडलं, आणि कर्नल-पॉवरचा ४१ म्हणजे नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. मी शट डाउन दिलं, पडदा काळा झाल्यावर यंत्र तसंच सोडलं आणि तलावपाळीला चक्कर मारून आलो. परत आलो तरी पंखा चालूच होता, निळा पडदा नव्हता. बटण दाबून धरून बंद केलं, पुन्हा सुरू केलं. लॉगमध्ये १०७४ होता, ६००६ होता. ६००८ नाही, ४१ नाही. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीचा 'अनसेफ शटडाउन्स' आकडा आधी टिपून ठेवला होता, तोही वाढला नव्हता. हा आकडा तेव्हाच वाढतो जेव्हा एसएसडीला 'आता बंद होतोय' असा निरोप न मिळता वीज जाते. म्हणजे फाइली आणि लॉग मिटवण्याचं विंडोजचं काम उरकलं होतं. मामांची हिशेबाची फाइल सुखरूप होती, हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला.

रविवार

उरला तिसरा टप्पा. दोषी बोर्ड की एसएमपीएस, हे मल्टिमीटर सांगतो. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर, सोळावी पिन, हा तो इशारा. यंत्र चालू असताना तिच्यावर जवळजवळ शून्य व्होल्ट असतात. बोर्डाने सोडून दिली की ती पाचच्या आसपास चढते आणि एसएमपीएस थांबतो. मीटरची काळी टोकणी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला, लाल टोकणी कनेक्टरच्या मागून हिरव्या वायरशेजारी अलगद सरकवली. या बाजूला व्होल्टेज कमी असतं, एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा साठा राहतो. शट डाउन दिलं. पडदा काळा, आणि मीटरवर शून्यच. बोर्डाने वायर सोडलीच नव्हती. एसएमपीएस निर्दोष. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराची फेरी आणि वर नव्या एसएमपीएसचा खर्च, दोन्ही वाचलं.

बोर्डच खराब असेल का? पेन ड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू करून तिथून बंद केलं. पंखा तात्काळ थांबला, मीटर चढला. मग विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर, तिथूनही नीट बंद. म्हणजे बोर्ड धड आहे आणि विंडोजच्या नेहमीच्या चालण्यात लोड होणारा कुठला तरी ड्रायव्हर त्याला अडवतोय.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड डिसेबल, साउंड डिसेबल, काही नाही. 'सिस्टिम डिव्हायसेस'मधला मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस डिसेबल केला आणि शट डाउन दिलं. पंखा थांबला! मामा स्वयंपाकघरातून बाहेर आले, "झालं का रे?"

हे प्रकरण समजून घेण्याजोगं आहे. चिपसेटच्या आत एक स्वतंत्र छोटा कंट्रोलर असतो. पीसी बंद असतानाही स्टँडबायच्या पाच व्होल्टवर, म्हणजे जांभळ्या वायरवर, तो जागा राहू शकतो. विंडोज त्याच्याशी या ड्रायव्हरमार्फत बोलते. अपडेटने या जुन्या बोर्डावर नव्या पिढीचा ड्रायव्हर चढवला होता. बोर्डाच्या सपोर्ट पानावरचा त्याच्यापेक्षा बराच जुना. डिव्हाइस कायमचं डिसेबल ठेवणं मला नको होतं. नवा ड्रायव्हर काढला, सपोर्ट पानावरचा टाकला, डिव्हाइस पुन्हा चालू केलं. शट डाउन नीट, मीटर पाचवर. अपडेटने पुन्हा तेच करू नये म्हणून 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' केलं.

त्यानंतर

मामांचा फोन: "पंखा थांबतो, पण माउसचा लाल दिवा चालूच आहे. बंद झालंय ना नक्की?" झालंय, मामा. ती त्याच जांभळ्या वायरची वीज, यूएसबीला बंद अवस्थेतही मिळणारी. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, 'ईआरपी रेडी' चालू केलं की तीही तुटते. युरोपच्या नियमामुळे हा पर्याय बोर्डांवर आला, तिथे बंद यंत्राच्या वीजवापरावर मर्यादा आहे. बदल्यात वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी सुरू करणं, आणि बंद पीसीवर फोन चार्ज करणं जातं. मामांना दोन्ही लागत नाही, म्हणून चालू करून दिलं.

आता उरलंय मोठं काम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मामांचा हिशेब लिनक्सवर लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडतो का ते बघतोय. जुन्या शीटमधली मराठी एका नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहे, म्हणजे तो फॉन्ट नसेल तर मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात, तिथे गाडी अडली आहे. तो फॉन्ट युनिकोडमध्ये बदलण्याचा कुणाकडे खात्रीचा मार्ग असेल तर जरूर सांगा.