‘सर्वत्र’

दिवाळी होऊन आठवडा उलटला होता आणि वरुड-मोर्शी पट्ट्यात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी ऐन भरात होती. पहाटे साडेपाचला मालकांचा फोन आला. “साहेब, गाडी फसली. रोडवर नाही फसली, आपल्या आंगनात फसली. तुम्हीच येऊन पाहा आता.” त्यातल्या ‘तुम्हीच’ या शब्दावर त्यांनी दिलेला जोर मला अमरावतीहून निघाल्यापासून तिथे पोहोचेपर्यंत ऐकू येत होता, कारण त्या अंगणाचा नकाशा माझ्याच सहीने निघाला होता.

ही मालमत्ता आता गावोगावी दिसते तशीच मिश्र वापराची आहे. रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर आठ गाळे, त्यांच्यावर दोन मजल्यांत बारा सदनिका आणि मागच्या अंगाला संत्री धुऊन, मेण लावून, प्रतवारी करून पेट्यांत भरण्याचे शेड. तिन्हींना जोडणारे अंगण मात्र एकच, आणि त्या अंगणात दोन वर्षांपूर्वी सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, म्हणजे आपल्याकडचे गट्टू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसवलेले. सकाळी सहाला तिथे शाळेच्या गाडीची वाट पाहणारी मुले असतात, दहाला गाळ्यांत येणाऱ्यांच्या मोटरसायकली आणि रात्री दिल्लीकडे निघणारा दहा चाकी ट्रक.

तोच ट्रक मागच्या उजव्या चाकांवर कलून उभा होता. चाके तुंब्यापर्यंत खाली गेली होती आणि भोवतालचे गट्टू उभे राहिले होते. हमालांनी पेट्या उतरवायला सुरुवात केली होती. वरच्या गॅलऱ्यांतून सगळी बिऱ्हाडे खाली बघत होती. मालकांनी मला चहा देण्याआधी एक कागद दिला. गट्टू बनवणाऱ्या कारखानदाराला पाठवायची ती वकिलाची नोटीस होती आणि मी तज्ज्ञ म्हणून तिच्याखाली सही करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. “काका, आधी खाली काय आहे ते पाहू,” एवढेच मी म्हणालो.

मला खटकत होते ते वेगळेच. तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नव्हता. शेजारच्या शेतातली काळी जमीन भेगाळून तिच्यात हात जाईल अशी झाली होती, आणि इथे मात्र गट्ट्यांच्या फटींतून काळा चिखल वर आला होता. आपल्या काळ्या मातीची खोड ठाऊक असलेल्याला हे कोडेच होते. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी प्याले की फुगते, वाळले की आकसते, आणि भिजलेल्या अवस्थेत त्या मातीची वजन पेलण्याची ताकद जवळजवळ उरतच नाही. माती ढासळली हे उघड होते. तिला पाणी कुणी पाजले, हा प्रश्न होता.

मिस्त्री सब्बल घेऊन आले. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे आणि बोलायला कमी. त्यांनी एक गट्टू उचकटला, उलटा करून पाहिला, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, “साहेब, गट्टूले कायले दोष देता? तो तर घणघणते. खालचं पाहा.” आम्ही हातभर रुंद खड्डा घेतला. वर ६० मिमीचा गट्टू. त्याखाली रेतीचा थर, जो २० ते ४० मिमी असायला हवा, तो पट्टीने मोजला तर ११० मिमी भरला. म्हणजे खालच्या मुरुमाला नीट ढाळ न देता त्याचे खड्डे रेतीनेच भरून लेव्हल मारली होती. त्याखाली जेमतेम वीतभर मुरूम, तोही पायाखाली लगदा होणारा, मातकट. आणि मग थेट काळी माती, हातात घेतली तर लोण्यासारखी.

खड्ड्यात वाकलो तेव्हा वास आला. आंबलेल्या संत्र्याच्या सालीचा, नाकात झोंबणारा, शिळा वास. गटाराचा वास असता तर मी सदनिकांच्या सांडपाण्याच्या पाइपामागे लागलो असतो आणि दुपार वाया घालवली असती. मिस्त्री काही न बोलता उठले, शेडमध्ये गेले आणि धुण्याच्या हौदाची कळ सोडली. दहा मिनिटांत आमच्या खड्ड्याच्या भिंतीतून पाणी पाझरू लागले. हौदाचे पाणी बाहेर नेणारा पीव्हीसी पाइप ट्रकच्या वाटेखालून आडवा गेला होता. तो फूटभर खोलीवर, कसल्याही काँक्रीटच्या आवरणाशिवाय टाकलेला होता आणि चाकांच्या दाबाने त्याचा सांधा सुटला होता. पावसाळ्यात सगळेच ओले असल्यामुळे तो दोष कुणाला दिसला नव्हता. हंगाम सुरू झाला, शेडचे पाणी रोज वाहू लागले आणि कोरड्या नोव्हेंबरमध्ये ट्रक चिखलात बसला.

हेच पाणी वरही आपले काम करून गेले होते. शेडच्या दारातली कोटा फरशी जिथे पेट्या ठेवत आणि फुटलेली फळे तुडवली जात, तिथे पांढरट व खडबडीत झाली होती. कोटा हा चुनखडीचा दगड आहे आणि संत्र्यातले सायट्रिक आम्ल चुनखडी खाते. पॉलिश केलेल्या फरशीवर तर ते एका हंगामात दिसते. सफाईवाल्याने ते डाग काढायला बाथरूमचे अ‍ॅसिड वापरले होते. त्याचे हे औषध रोगाच्याच जातीचे होते.

आता नोटिशीचा भाग. गट्ट्यांसाठी भारतीय मानक आयएस १५६५८ आहे. त्याच्या २००६ च्या आवृत्तीत जाडी आणि दर्जा वाहतुकीशी बांधला आहे: हलक्या वाहतुकीला ६० मिमी व एम-३५ (म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन दाब पेलणारा), मध्यम वाहतुकीला ८० मिमी व एम-४०, जड वाहतुकीला १०० मिमी व एम-५०. मी न फुटलेले आठ गट्टू निवडून अमरावतीला प्रयोगशाळेत दिले. सरासरी दाबक्षमता ३८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली आणि पाणी शोषण पाच टक्क्यांच्या आत. त्याच आवृत्तीत सरासरी मर्यादा सहा टक्के आहे. कारखानदाराने जो माल कबूल केला होता तोच दिला होता. किंबहुना बरा दिला होता.

मग चुकले कोण? कंत्राटदाराने मुरूम नीट बसवला नाही, हे खरे. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी जुना नकाशा उघडला, तेव्हा फरसबंदीच्या रकान्यात माझ्या अक्षरात एकच ओळ होती: ‘पेव्हर ब्लॉक ६० मिमी, सर्वत्र.’ मागच्या चौकोनावर ‘गोदाम’ असे मीच लिहिले होते आणि गोदामाकडे गाडी येणार, हे समजायला अभियंता असण्याची गरज नव्हती. तीन धुऱ्यांच्या, म्हणजे तीन अ‍ॅक्सलच्या, अशा दहा चाकी ट्रकला २०१८ पासून एकूण २८.५ टनांची परवानगी आहे. त्यातले २१ टनांपर्यंत मागच्या जोडधुऱ्यावर येऊ शकतात. मुलांच्या सायकलीला आणि त्या धुऱ्याला मी एका शब्दात एकच पाट मांडला होता. दुसऱ्या दिवशी मी मालकांना नोटीस परत केली आणि नकाशाही दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुमची फी अर्धीच देतो यावेळी.” मी ते मान्य केले.

दुरुस्तीचे सगळे तपशील इथे सांगत बसत नाही, पण कुठे काय घ्यायचे यावर आमची जी घासाघीस झाली ती सांगण्यासारखी आहे. मालकांचे म्हणणे होते की सगळे उखडून ट्रिमिक्स काँक्रीट (ओतल्यावर जादा पाणी शोषून घेतलेले) ओता, झंझट मिटली. वरच्या सदनिकेतल्या एका निवृत्त मास्तरांना डांबर हवे होते, कारण ते गुळगुळीत असते. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात उभ्या ट्रकच्या चाकांखाली आणि ठिबकणाऱ्या डिझेलखाली डांबराचे काय होते, हे त्यांना तालुक्याच्या कोणत्याही ढाब्यासमोर बघता आले असते. काँक्रीटला माझा विरोध नव्हता, पण अंगणाखालून पाण्याचे, सांडपाण्याचे आणि विजेचे मार्ग जात होते. काँक्रीट फोडले की त्याचे ठिगळ कायमचे दिसते. गट्टू उचलून, काम करून, तेच गट्टू परत बसवता येतात. आपल्या मालमत्तेत दर दोन वर्षांनी कुणी ना कुणी काहीतरी खोदतोच, त्यामुळे मी या गुणाला मजबुतीइतकेच महत्त्व देतो.

शेवटी अंगणाचे तीन तुकडे झाले. ट्रक उभा राहतो आणि माल भरतो तेवढ्या जागेत लोखंडी जाळीचे काँक्रीट, ठरावीक अंतरावर सांधे कापलेले, आणि धुण्याचे पाणी झाकलेल्या नालीतून थेट बाहेर. ट्रकच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दोन फूट काळी माती काढून, तळाशी जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती आणि मुरूम मिसळू न देणारे कापड, अंथरून, चांगला मुरूम वीत-वीत थरांनी पाणी मारून रोलरने दाबला, त्यावर खडीचा थर, मग ३० मिमी रेती आणि १०० मिमीचे गट्टू. हे गट्टू विटेसारख्या आकाराचे घेऊन आडवे-उभे एकमेकांत अडकवले, कारण सरळ रांगेत लावलेले गट्टू चाकाबरोबर पुढे सरकतात. कडेला काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले कर्ब, म्हणजे काठाचे दगड, घातले. जुने ६० मिमीचे गट्टू वाया गेले नाहीत. ते सदनिकांच्या पुढे, मुले खेळतात तिथे पुन्हा बसवले.

एक गोष्ट मला सुचलीच नव्हती, ती पहिल्या मजल्यावर जिन्याशेजारी राहणाऱ्या आजींनी सांगितली. पहाटे चारला पेट्यांच्या हातगाड्या ढकलत नेतात, तेव्हा गट्ट्यांच्या तासलेल्या कडांवरून लोखंडी चाकांचा जो खडखडाट होतो, त्याने त्यांना दोन वर्षे झोप नव्हती. म्हणून शेडपासून गेटपर्यंत तीन फुटांची एक पट्टी कडा न तासलेल्या, सपाट गट्ट्यांची केली आणि हातगाड्यांना रबरी चाके लावायला सांगितले. माझ्या नकाशात आवाजाचा रकाना कधीच नव्हता.

निगेच्या बाबतीत मिस्त्रींचे आणि माझे एका मुद्द्यावर वाजले. पूर्वी फटी उघड्या पडल्या की तिथे सिमेंटचा राबडा ओतला जाई आणि म्हणूनच अनेक गट्ट्यांचे कोपरे उडाले होते. फटीत सिमेंट भरले की गट्ट्यांना हलायला जागा उरत नाही आणि कडा एकमेकींना चेपतात. मिस्त्रींना फटीत रेती ठेवणे कच्चे काम वाटत होते. अखेर पावसाळ्याआधी आणि नंतर कोरडी बारीक रेती झाडूने फटींत भरायची, गवत मुळासकट उपटायचे, अ‍ॅसिड अजिबात वापरायचे नाही आणि नालीची जाळी हंगामात रोज साफ करायची, असे शेडच्या भिंतीवर रंगाने लिहून घेतले. नव्या गट्ट्यांच्याच खेपेतले शंभर गट्टू पुढे बदलायला म्हणून गोदामाच्या कोपऱ्यात रचून ठेवले.

१०० मिमीचे गट्टू मालकांनी त्याच कारखानदाराकडून घेतले. ज्याला नोटीस जाणार होती त्याच्याकडेच आता आपण गिऱ्हाईक म्हणून जातो आहोत, तेव्हा तो भाव पाडून देईल, असा मालकांचा अंदाज होता. त्याचे दरपत्रक आले, तेव्हा ते त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. त्याने एक रुपयाही कमी केला नव्हता आणि खाली हाताने लिहिले होते: ‘गाडी कुठे उभी राहणार, ते आधी कळवावे.’