लोहावरचं साखरेचं आवरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात निंदणाच्या दिवसांत गरोदर बाया तपासणीला फिरकत नाहीत. मजुरी बुडवून कोण येणार? त्या दिवशी मात्र आशाताई एका सात महिन्यांच्या गरोदर पोरीला ऑटोत बसवूनच घेऊन आल्या. हिमोग्लोबिन ७.२. खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक. गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिने त्या कधीच्याच सोडल्या होत्या.

आपल्या विदर्भात रक्त कमी दिसलं की लगेच लोह देऊन मोकळं होता येत नाही. आधी सिकलसेल बघावा लागतो. त्या आजारात तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं, आणि वारंवार रक्त चढवलेलं असेल तर अंगात लोह उलट साचलेलं असू शकतं. तिची सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली. काचपट्टीवर पेशी लहान आणि फिकट होत्या, म्हणजे लोहच कमी. शिरेतून आयर्न सुक्रोज द्यायचं ठरवलं, २०० मिलीग्रॅम.

नवीन सिस्टर म्हणाली, "मॅडम, १०० मिलीचं एनएस (नॉर्मल सलाईन) संपलं. ५०० मध्येच टाकते. जितकं पातळ, तितका त्रास कमी."

दुसऱ्या कितीतरी इंजेक्शनांना हे लागू पडतं. इथे नेमकं उलटं आहे, म्हणून मी तिचा हात थांबवला. त्या गडद तपकिरी द्रवात लोह सुटं नसतं. काही नॅनोमीटरचे लोहाचे कण, आणि प्रत्येकाभोवती साखरेचं आवरण. यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी ते कण गिळतात आणि आतलं लोह बेताबेतानं बाहेर सोडतात. मग ट्रान्सफेरिन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन, ते जिथे रक्तपेशी बनतात त्या अस्थिमज्जेत नेऊन पोचवतं. तेच लोह एकदम सुटं होऊन रक्तात उतरलं तर ट्रान्सफेरिनला पेलत नाही. बीपी पडतं, उलट्या होतात. मिलीलिटरमागे १ मिलीग्रॅमपेक्षा पातळ केलं की ही रचना अस्थिर होते, आणि ५०० मिलीत तर ०.४ च भरलं असतं. डेक्स्ट्रोजमध्येही, म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनमध्येही, ते मिसळायचं नसतं.

आम्ही ५०० च्या बाटलीतून निर्जंतुक पद्धतीने ४०० मिली काढून टाकलं आणि उरलेल्या १०० मिलीत दोन अँप्यूल सोडल्या. आधी साधं एनएस सोडून शीर नीट चालतेय का पाहिलं, कारण हे औषध बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग राहून जातो.

सासूबाई बाटलीकडे बघतच होत्या. "मॅडम, हे काऊन असं काळं? सलाईन त पांढरी राहते न."

"माय, लोखंड आहे ते. साखरेत गुंडाळलेलं, म्हणून तिला बाधणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि सुनेच्या पायाशी बसून राहिल्या. अर्धा तास थेंब पडत होते, पुढचा अर्धा तास आम्ही नाडी आणि बीपी बघत होतो. पोरगी मजेत होती.

कॅन्सरचं औषध थेट गाठीपर्यंत नेण्यासाठी सोन्याचे, लोहाचे असेच आवरण दिलेले कण जगभर तपासले जात आहेत. कण रक्तात किती वेळ टिकेल, कोणती पेशी त्याला गिळेल, औषध कधी सुटेल, हे तिथेही बरंचसं आवरणावरच ठरतं. नॅनो म्हटलं की लोकांना मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळा आठवतात. आमच्या वॉर्डात ते स्टँडला टांगलेलं असतं, आणि ते नीट मिसळणं सिस्टरच्या हातात असतं. म्हणूनच तिला नुसतं 'असं करू नको' न सांगता कारण सांगायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता आयर्न सुक्रोजच्या खोक्यातच १०० मिलीच्या एनएसच्या बाटल्या ठेवतो. नव्याने येणाऱ्यांना ते का, हे तीच सिस्टर समजावून सांगते.