पाच हजार चारशे रुपयांत उभे राहिलेले मेज

वाई तालुक्यातील एका छोट्या कार्यशाळेत मी मुलांना सुतारकाम शिकवतो. गेल्या वर्षी एका मुलाला दाराच्या चौकटीवर रंधा मारायला लावले असता आमचे खिळ्यांनी ठोकलेले मेज त्याच्या जोराबरोबर पुढे सरकले, एक पाय तिरका झाला आणि रंध्याचे पाते लाकडात रुतून भलामोठा कपचा उडाला. मुलाचा हात थोडक्यात वाचला. वरून पडणारे वजन ते मेज सहज पेलत असे. मात्र रंध्याचा जोर आडवा, लांबीच्या दिशेने येतो आणि त्याने खिळ्यांची भोके रोज थोडी थोडी मोठी होत जातात, याकडे मी फार काळ दुर्लक्ष केले होते. त्याच दिवशी मी ते मोडीत काढले.

हाताशी साडेपाच हजार रुपये होते. एवढ्या पैशांत नवा साग जेमतेम एक-दीड घनफूट मिळाला असता आणि मला किमान पाच घनफूट लाकूड हवे होते. शेजारच्या गावात एक जुने घर पाडले जात होते. तेथील ऐनाच्या तुळया मी 3,900 रुपयांना घेतल्या. ऐन कठीण असतो, हत्यारांची धार लवकर घालवतो. परंतु अनेक दशके छपराखाली वाळलेले लाकूड नव्या ओल्या लाकडासारखे नंतर आकसत किंवा पिळत नाही. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात, म्हणून मोडक्या स्पीकरमधले लोहचुंबक प्रत्येक तुळईवरून फिरवून आम्ही सतरा खिळे उपटले.

जोडणीच्या दिवशी गावातील एक वृद्ध सुतार आले होते. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. चार इंच जाडीच्या पायांना पटाशीने आरपार चौकोनी भोके पाडून, खालच्या आडव्या पट्ट्यांची कुसवे, म्हणजे टोकाला कोरलेल्या जिभा, त्यांत बसवून खुंट्या ठोकायच्या, असा माझा बेत होता. मी पायातून आणि कुसवातून गिरमिटाने एकाच वेळी सरळ भोक पाडायला निघालो, तेव्हा अण्णांनी हात धरला.

"मास्तर, कुसू बाहेर काढा. त्याचं भोक मुळाकडे अर्धा सूत सरकवा. खुंटीच सांधा ओढून घेईल."

अर्धा सूत म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. पायाचे आणि कुसवाचे भोक एवढे पुढेमागे राहिले की आत शिरणारी खुंटी कुसवाला पायात ओढते. खुंटीचे टोक निमुळते करून आम्ही ती ठोकू लागलो. प्रत्येक ठोक्याला आवाज अधिक भरीव होत गेला आणि पट्टी व पाय यांच्यामधली, कागद सहज शिरेल एवढी फट डोळ्यांदेखत नाहीशी झाली. सरस नाही, सांधा आवळायला शिकंजा नाही. इतकी वर्षे हे काम करूनही मला ही गोष्ट कोणी दाखवली नव्हती. मी तो ठोका सर्व मुलांना एकेक करून मारायला लावला.

वरचा पाट सात-सात इंच रुंदीच्या तीन तुळयांचा, तीन इंच जाड आणि सहा फूट लांब आहे. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, म्हणून मागच्या बाजूच्या बोल्टांची भोके लांबट ठेवली. पुढचे पाय पाटाच्या कडेशी एकाच पातळीत घेतले, त्यामुळे फळी उभी धरून तिची कड रंधता येते. मेजावर फळी पकडण्यासाठी भंगारातला शिकंजा 900 रुपयांना आणि बोल्ट 600 रुपयांना मिळाले.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने तीच चौकट वर घेतली. शंभर किलोंहून जड झालेले ते मेज तसूभरही हलले नाही आणि रंध्यातून चौकटीच्या लांबीएवढी अखंड सालपी निघाली. अण्णांनी ती बोटांत धरून उजेडाकडे पाहिले, खिशात ठेवली आणि उरलेल्या तुळईवर काटकोन आखायचा गुण्या लावून दुसऱ्या मेजाच्या पायांची पहिली रेघ स्वतः आखली.