तुम्ही विचारलंत म्हणून: कलाटणी कुठे आणि घूमजाव कुठे?

वळण, कलाटणी, घूमजाव, पलटी, गिरकी. सगळ्यांत फिरणं आहेच, मग कुठे काय लिहायचं? बातम्या किंवा कथा लिहायला लागलेली मंडळी हे हटकून विचारतात.

कलाटणी मिळायला आधी काहीतरी एका दिशेने चाललेलं असावं लागतं. १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजला १८४ धावा हव्या होत्या. रिचर्ड्स असे सुटले होते की सामना हातचा गेलाच होता. मदनलालच्या चेंडूवर कपिलदेवने मागे धावत त्यांचा झेल घेतला आणि सामन्याला कलाटणी मिळाली. डाव सुरू होतो न होतो तोच ग्रीनिज त्रिफळाबाद झाले होते, पण ती सनसनाटी सुरुवात. तिला मी कलाटणी म्हणणार नाही.

ज्याची दिशा बदलते त्याला ‘ला’ लावायचा: सामन्याला, खटल्याला, आयुष्याला. झेल कलाटणी ‘देतो’, सामन्याला ती ‘मिळते’. ‘कथेने कलाटणी घेतली’ असंही छापून येतं, कानाला खटकतं. घ्यायचंच असेल तर कथेने वळण घ्यावं. आणि ‘अचानक कलाटणी’तला ‘अचानक’ खुशाल काढा, तो शब्दातच आहे.

घूमजाव फक्त माणसं करतात, किंवा माणसांचे पक्ष आणि सरकारं. शब्द नपुंसकलिंगी: आधीच्या भूमिकेवरून घूमजाव ‘केलं’. यात ठपका आहे, हे विसरू नका. नवा पुरावा पाहून कुणी मत बदललं असेल, तर ‘मत बदललं’ एवढंच लिहा. घूमजाव म्हटलंत की निकाल तुम्हीच देऊन मोकळे झालात.

पलटीत क्रियापद सांभाळा. ट्रक पलटी होतो, साक्षीदार पलटी मारतो. हा शब्द बोलण्यातला. गंभीर बातमीत ट्रक उलटतो आणि साक्षीदार फितूर होतो.

वळणाला घाई नसते. रस्त्याला, अक्षराला असतं, मुलांना लावावं लागतं. ‘धक्कादायक’ किंवा ‘वेगळंच’ जोडल्याशिवाय त्यातून आकस्मिकपणा निघत नाही.

गिरकी म्हणजे स्वतःभोवती पूर्ण फेरा, तोंड पुन्हा पहिल्याच दिशेला. म्हणून ‘नेत्याची भूमिका ३६० अंशांत बदलली’ असं वाचलं की हसू येतं: ती गिरकी झाली, भूमिका होती तिथेच राहिली. तिथे १८० लिहा.