मातीच्या परवानगीचे 11 आठवडे

214 घरं उभी राहिली, माणसं राहायला येऊन वर्ष होत आलं, तरी त्या एका अर्जाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. पुनर्वसन वसाहतीच्या कामावर मी पर्यावरण अधिकारी होते. धूळ, आवाज, झाडं, सांडपाणी, सगळं माझ्याकडे. त्यातलं बरंचसं ठरल्याप्रमाणे पार पडलं. अडकलं ते मातीपाशी. खोदून काढलेली माती कुठे टाकायची, एवढ्याच प्रश्नाच्या मंजुरीला 11 आठवडे लागले, आणि तेही पावसाळा तोंडावर आलेला असताना.

आधी हा प्रश्न एवढ्या उशिरा का आला ते सांगते. मूळ प्रकल्प रस्त्याचा असो नाहीतर धरणाचा, त्याचा पर्यावरणावरचा परिणाम सगळे काळजीने तपासतात. पुनर्वसनाची घरं मात्र त्या अहवालात उपाय म्हणून येतात. ‘बाधितांना पर्यायी घरे देण्यात येतील’ असं एक वाक्य लिहिलं की विषय संपतो. पण ती घरंही कुठल्यातरी उतारावर, कुणाच्यातरी विहिरीच्या वरच्या अंगाला बांधली जातात. जागतिक बँक ज्या प्रकल्पांना पैसे देते त्यांच्यासाठीची तिची सध्याची पर्यावरण आणि समाजविषयक नियमांची चौकट ऑक्टोबर 2018 पासून लागू आहे. तिच्यातल्या 10 मानकांपैकी पाचवं विस्थापनाचं. नव्या जागेवर होणारे पर्यावरणीय परिणाम आणि त्यांवरचे उपाय पुनर्वसन आराखड्यातच असले पाहिजेत आणि मूळ प्रकल्पाच्या तपासणीशी त्यांचा मेळ असला पाहिजे, असं ते मानक सांगतं. आमच्या कामाला हीच चौकट होती. तरीही माझ्या हातात आलेल्या आराखड्यात मातीबद्दल एकच ओळ होती: ‘जादा माती योग्य ठिकाणी टाकण्यात येईल.’ किती माती, कुठलं ठिकाण, कोणत्या वाटेने, काही नाही.

जागा उताराची. घरांसाठी उतार कापून पायऱ्या पाडायच्या होत्या. खालून ओढा जात होता आणि ओढ्याच्या पलीकडे जुनी वस्ती, तिच्या दोन विहिरी. कापणीची माती 6,400 घनमीटर निघणार होती. टाकायला एक बंद पडलेली दगडाची खाण मिळाली. मालकाची लेखी संमती घेतली, मोजणी करून घेतली. खाणीच्या खड्ड्यात 6,000 घनमीटर मावत होतं. माती तिथे गेली असती तर खाणही बुजली असती आणि ओढाही वाचला असता. मला वाटलं, आठवड्याभरात सही होईल.

अर्जात तीन रकाने होते. खोदकामाचं परिमाण, वाहून न्यायचं परिमाण, टाकण्याच्या जागेची क्षमता. मी खरे आकडे भरले: 6,400, 8,000 आणि 6,000. एकोणिसाव्या दिवशी फाईल परत आली. शेरा होता, ‘आकड्यांचा मेळ बसत नाही. त्रुटीपूर्तता करावी.’

मेळ बसणार कसा? जमिनीत दबून बसलेली माती खोदली की फुगते. साध्या मातीत ही वाढ साधारण पाव हिश्शाची असते, खडकाळ जमिनीत याहून बरीच जास्त. म्हणून जमिनीतले 6,400 घनमीटर डंपरमध्ये भरताना 8,000 होतात. तीच माती खाणीत थर देऊन, पाणी मारून, रोलरने दाबली की मूळच्यापेक्षाही आक्रसते. आमच्या मातीची चाचणी करून घेतली होती, ती दहा टक्क्यांनी आक्रसत होती. म्हणजे खड्ड्यात गेल्यावर 5,760. माती तीच, पण जमिनीत, गाडीत आणि खड्ड्यात तिचे आकडे वेगळे. बांधकामावरच्या कुठल्याही मुकादमाला हे ठाऊक असतं.

टेबलावरच्या कारकुनांचा प्रश्न मात्र ठरलेला होता. “मॅडम, 6,400 खोदणार, तर 8,000 कुठून आणणार? आणि खड्डा 6,000 चा, मग वरची 2,000 कुठे टाकणार?” मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. मी लेखी दिलं, सोबत चाचणीचा अहवाल आणि हिशेबाचा तक्ता जोडला. पुन्हा 16 दिवस. पुन्हा परत. या वेळचा शेरा, ‘जोडपत्राची तरतूद नमुन्यात नाही.’ तिसऱ्यांदा फाईल गेली आणि नुसती पडून राहिली. मी दर दोन दिवसांनी जात होते. ज्यांची सही हवी ते कधी बैठकीत, कधी दौऱ्यावर. बाहेरच्या बाकावर बसून मी त्या भिंतीवरची सगळी परिपत्रकं वाचून काढली.

मधल्या काळात ठेकेदाराच्या माणसाने सुचवलं, “ताई, तिन्ही रकान्यांत 6,000 लिहा. उद्या सही होईल.” खरंच झाली असती. तरी मी लिहिलं नाही, आणि तुम्हीही लिहू नका. आमचा डंपर 10 घनमीटरचा होता. 8,000 साठी 800 खेपा लागतात. कागदावर 6,000 असतं तर 600 खेपांची नोंद झाली असती, आणि उरलेल्या 200 गाड्या कागदावर अस्तित्वातच नसत्या. ज्या गाडीची नोंद नाही ती रात्री कुठे रिकामी होते, हे या कामात असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आमच्याकडे सगळ्यात जवळ ओढाच होता.

नवव्या आठवड्यात पाऊस आला. पहिल्या पायऱ्यांची माती आम्ही वरच्या कडेला ढीग घालून ठेवली होती, महिन्याभरासाठी म्हणून. संध्याकाळी तासभर धो-धो कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वस्तीतल्या एक मावशी कळशी घेऊन आल्या आणि ती माझ्या टेबलावर ठेवली. पाणी विटकरी रंगाचं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आमची विहीर आहे ही. लेकरांना काय देऊ?”

ते पाणी मी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलं. रेती दोन मिनिटांत तळाला बसली. त्यावर गाळाचा पातळ थर बसायला दुपार झाली. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तशीच तरंगत होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं. खाली गाळाचा खड्डा खणला की झालं, अशी माझी तोवर समजूत होती. त्या बाटलीने ती मोडली. खड्ड्यात रेती अडते, गाळ थोडाफार अडतो. चिकणमाती पाण्यात मिसळली की हातातून गेली. ती सुटूच द्यायची नाही, हाच उपाय.

वस्तीला त्याच दिवशी टँकर सुरू केले, विहिरी उपसून घेतल्या. ढिगाच्या वरच्या अंगाला चर खणून डोंगरावरून येणारं पाणी बाजूला वळवलं. ढीग ताडपत्रीने झाकला, कडेने मातीच्या गोण्या लावल्या. यात माझी स्वतःची एक चूक उघड झाली. गाळ अडवायचं कापडी कुंपण मी पाणी वाहून जायच्या चरातच आडवं लावलं होतं. ते पहिल्या लोंढ्यातच झोपलं. हे कुंपण उतारावरून पसरून येणाऱ्या पातळ पाण्यासाठी असतं, आणि 30 मीटर कुंपणामागे साधारण 0.1 हेक्टरपेक्षा जास्त उतार असू नये. वाहत्या धारेत दगडांचा आडवा बांधच लागतो.

मावशींची कळशी, ती बाटली आणि वाहून गेलेल्या ढिगाचे फोटो घेऊन मी त्या कार्यालयात गेले. आवाज चढला माझा, ते कबूल करते. जागेवर येऊन बघा, एवढी एकच मागणी केली. चौथ्या दिवशी साहेब आले.

त्यांच्यापुढे तक्ता ठेवायचा नाही, हे मी ठरवलं होतं. मुकादमकाकांना सांगितलं, खड्डा घ्या. त्यांनी पट्टीने मोजून दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घेतला, कडा पहारीने सरळ केल्या. निघालेली माती ताडपत्रीवर घेत गेले आणि घमेली मोजत गेले. वीस घमेली भरली. मग तीच माती न दाबता परत खड्ड्यात टाकली. सोळाव्या घमेल्याला खड्डा काठोकाठ भरला, चार घमेली बाहेर उरली. साहेब पुढे सरकून वाकले. काकांनी सगळी माती पुन्हा बाहेर काढली, आता एकेक थर टाकून, पाणी शिंपडून धुम्मसाने चोपत गेले. चांगला अर्धा-पाऊण तास लागला. विसाव्या घमेल्याची मातीही आत गेली आणि खड्डा काठापासून दोन बोटं रिकामा राहिला.

साहेबांनी स्वतः त्यात बोटं घालून बघितली. “म्हणजे तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत,” ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवसांनी मंजुरीपत्र हातात पडलं. मुकादमकाकांचा मला आजही अभिमान वाटतो. जे मी दोन महिने कागदावर पटवू शकले नाही, ते त्यांनी तासाभरात पटवलं.

या 11 आठवड्यांची झळ कुणाला बसली, तर पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या कुटुंबांना. तिथले एक आजोबा रोज कुंपणापाशी येऊन विचारायचे, “ताई, माती हलली का?” त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचायचं नाही.

आता काही गोष्टी, आठवतील तशा. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दुसऱ्यांदा फाईल गहाळ झाल्याचं सांगितलं तेव्हा मला त्या क्रमांकानेच वाचवलं. प्रत्येक डंपरला खेपेची चिठ्ठी द्या आणि खाणीवर तिच्यावर सही घ्या. महिनाअखेरीला दोन्हीकडच्या चिठ्ठ्या जुळवून बघा.

वरची सुपीक माती, 15-20 सेंटिमीटरची, सगळ्यात आधी वेगळी काढा. तिचा ढीग दोन मीटरपेक्षा उंच करू नका, नाहीतर आतली माती गुदमरते. आम्ही ती घरांच्या परसांत परत पसरली. तिथे लावलेली रोपं जगली आणि खालची कोरी माती राहिलेल्या कोपऱ्यातली गेली, हा फरक डोळ्यांनी दिसतो.

काँक्रीटची गाडी धुतलेलं पाणी ओढ्याकडे जाऊ देऊ नका. त्याचा सामू (पीएच) 12 च्या वर असतो, मासे त्यात टिकत नाहीत. प्लास्टिक अंथरलेला एक खड्डा पुरतो, सिमेंट वाळलं की खरवडून काढता येतं. जुन्या घरांचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील तर फोडायचे नाहीत. ओले करून, अख्खे उतरवून, प्लास्टिकच्या दुहेरी गुंडाळीत बांधायचे. लोक ते पत्रे नव्या घरी न्यायला मागतात, तेव्हा समजावताना धीर धरा, त्यांच्यासाठी ते कमावलेलं सामान असतं. शोषखड्डे विहिरीपासून किमान 30 मीटर लांब आणि त्यांचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर, हे आखणीतच बघा. नकाशावर घरं बसवून झाल्यावर ही जागा शोधायला गेलात तर मिळत नाही. आम्हाला त्यासाठी सहा घरं हलवावी लागली.

सगळ्यात महत्त्वाचं जवळजवळ राहूनच जात होतं. मातीचा हिशेब आखणीच्या आधी करा. पायऱ्या थोड्या अरुंद ठेवून घरं उताराला धरून बसवली असती, तर आमची निम्मी माती निघालीच नसती. मी कामावर आले तेव्हा नकाशे पक्के झाले होते. आता नव्या कामात मी पहिल्या दिवशी नकाशा मागते आणि कापणी किती, भरणी किती, एवढं आधी काढते.

तो अर्जाचा नमुना अजून तसाच आहे. मी रकान्यांच्या आतच बारीक अक्षरात लिहिते, म्हणजे जोडपत्राचा प्रश्न येत नाही. त्या कामाचेच आकडे घेतले तर असं: ‘6,400 (जमिनीतील)’, ‘8,000 (गाडीतील, सैल)’, ‘5,760 (दाबल्यानंतर), जागेची क्षमता 6,000’. मागच्या वेळी याच पद्धतीने भरलेला अर्ज नऊ दिवसांत सही होऊन आला.